कुलकर्णीबाईंना चालत नाही

"इथं चांगलं काय खायला मिळतं हो?"

हॉटेलच्या काउंटरमागे उभी राहून मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की माणूस पायऱ्या चढत असतानाच तो आधी काय विचारणार हे मला ओळखता यायचं. किल्ली मागणारे निराळे, तक्रार करणारे निराळे आणि जेवणाची चौकशी करणारे निराळे. हे तिसरे मला फार आवडायचे. परगावी आलेला माणूस असं विचारतो, तेव्हा त्याने अर्धा विश्वास आपल्यावर टाकलेलाच असतो. त्याला भलत्या ठिकाणी पाठवलं, तर तो मला नाही, गावाला नावं ठेवतो. आणि गाव माझं होतं.

मी स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते. हॉटेलचं नाव सांगत नाही. ते आता उरलेलंही नाही, त्या जागी कपड्यांचं मोठं दुकान झालं आहे. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी ही धरली, आणि त्याला पुन्हा मिळाली तरी मी काही सोडली नाही. त्या काळात औरंगाबादेत हॉटेलच्या काउंटरला बाई उभी राहते ही नवलाची गोष्ट होती. सासूबाई शेजारणींना "सून ऑफिसात आहे" एवढंच सांगत. कसलं ऑफिस, असं कोणी विचारलं की त्यांना हमखास देवघरातलं काहीतरी काम आठवायचं.

रिसेप्शनिस्ट म्हणजे काय, तर माणसांची नावं लिहून घ्यायची, किल्ल्या द्यायच्या-घ्यायच्या, अजिंठ्याची बस कुठून सुटते ते सांगायचं, आणि नळाला पाणी का नाही याचं हसतमुखाने उत्तर द्यायचं. कामाचा हा भाग कोणालाही जमेल. मला गोडी लागली ती दुसऱ्याच भागाची. पाहुणे बाहेर जेवून, खरेदी करून परत यायचे, तेव्हा त्यांच्याकडे बघायची मला सवय लागली. वाईट जेवलेला माणूस दारातूनच किल्लीसाठी हात पुढे करतो. बरं जेवलेला किल्ली घेतो आणि पाणी पाठवा म्हणतो. खरोखर चांगला जेवलेला माणूस मात्र किल्ली मागायलाच विसरतो. तो काउंटरवर कोपरं टेकवतो आणि स्वतःच्या घरचं काहीतरी सांगू लागतो. आई अमुक कसं करायची, गावाकडे तमुक कसं मिळायचं, असलं काहीतरी. पदार्थाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. असं कोणी बोलू लागलं की मी मनात त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकायची.

आमचे मालक पाचोडकडचे. मोसंबीच्या बागा होत्या, त्यातून त्यांनी हे हॉटेल उभं केलं. हॉटेलला स्वतःचं जेवणघर होतं आणि मी पाहुण्यांना बाहेर पाठवते हे त्यांच्या डोळ्यांवर यायचं. एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "कुलकर्णीबाई, आपल्या हितं सैपाक व्हतोय तो काय शोभेला? तुमी लोकायला गावभर धाडता कशापायी?"

मी म्हटलं, "मालक, चांगलं जेवून आलेला माणूस अजून एक मुक्काम करतो."

त्यांनी डोकं खाजवलं. "आन् आपल्या हितं जेवला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी धरतो."

ते एवढे हसले की जेवणघरातला वाढपी बाहेर येऊन बघू लागला. "लई तोंडाळ हाईत तुमी बाई," एवढं म्हणून गेले. त्यानंतर मला कोणी अडवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी गाव पालथं घालायची. पैठण गेटपासून गुलमंडी, तिथून सिटी चौक, पुढे शहागंज. इमरती तळताना तुपात कोण हात राखतो, हिमरूच्या नावाखाली कोण यंत्रावरचं कापड खपवतो आणि कोणाच्या घरी अजून माग खटखटतो, हे सगळं मी स्वतः बघून ठरवलेलं असे. जाफर गेटकडे एक हिमरू विणणारे होते. त्यांच्याकडे गिऱ्हाईक गेलं की ते आधी मागाशेजारी बसवून घ्यायचे. नक्षीचं एक फूल पुरं विणून होईपर्यंत शाल दाखवायची नाही, असा त्यांचा कायदा. घाईचा माणूस उठून जायचा. बसलेला मात्र रिकाम्या हाताने परतलेला मी पाहिला नाही. नाशिकचे एक वकील असेच औरंगपुऱ्यातल्या एका खानावळीतून तणतणत आले होते. तिथल्या मावशी काय हवं ते विचारत नाहीत, त्यांना वाटेल ते पानात वाढतात. वकीलसाहेब म्हणाले, "त्या बाईने मला शेपूची भाजी खायला लावली हो! आजवर आईला जमलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी दुपारी ते गुपचूप पुन्हा तिकडेच गेले.

एक गोष्ट मात्र मला स्वतः बघून ठरवता येत नव्हती, आणि पाहुणे तर नेमकी तीच विचारायचे. नानकलिया, मटणाचा. या शहरात येऊन नानकलिया न खाता जाणं म्हणजे अजिंठ्याला जाऊन लेण्याबाहेरच चहा पिऊन परतण्यासारखं, असं खाणारे सांगायचे. आमच्या घरात कांदा-लसूण चातुर्मासात बंद. "त्या नानकलियाचं नाव या घरात नको," असं सासूबाई हा शब्द एका दमात उच्चारून म्हणायच्या. लहानपणापासून मीही तो एका दमातच ऐकलेला. नान म्हणजे काय आणि कलिया म्हणजे काय, असा विचार कधी मनात आलाच नाही.

तेव्हा मी दुसरा उपाय केला. रविवारी शहागंजच्या गल्ल्यांमधून पदर नाकाला लावून हिंडले आणि दुकानांच्या आत न जाता बाहेर कोण उभं आहे ते पाहिलं. एका गल्लीत एक दुकान होतं, त्याला पाटीसुद्धा नव्हती. पण त्याच्यापुढे आसपासच्या घरांतली माणसं पातेली, डबे, किटल्या घेऊन रांगेत उभी होती. घरचं भांडं घेऊन शेजारी ज्या दुकानात येतात, ते दुकान कुणाला फसवत नसणार. शिवाय दुकानदार स्वतः त्याच देगेतलं, म्हणजे मोठ्या हंड्यातलं, वाढून घेऊन पायरीवर बसून जेवत होता. मला एवढं पुरे होतं. तो दुकानदार म्हणजे हबीबचाचा.

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना सांगू लागले, "शहागंजला पाटी नसलेलं दुकान विचारा, आणि कुलकर्णीबाईंनी पाठवलंय म्हणा." पाहुणे जायचे आणि काउंटरवर कोपरं टेकवायचे.

थोड्याच दिवसांत चाचांना कळलं की स्टेशन रोडवरची कोणी बाई रोज माणसं पाठवते. पावसाळ्याचे दिवस होते. आमचा दरवान दगडू अजिंठ्याकडचा, दोन्ही वेळचं जेवण मटणाचं असलं तर देवच पावला असं मानणारा. तो एक दिवस कापडात बांधलेला डबा घेऊन आला. "बाई, शहागंजच्या चाचांनी धाडलाय. तुमच्यासाठी हाय म्हने."

मला फार बरं वाटलं. पण डबा तर घेता येत नव्हता. मी म्हटलं, "दगडू, चाचांना सांग, आभारी आहे. पण मला चालत नाही."

दगडू डबा घेऊन गेला. आपण निरोप नीट दिला याची मला पुढे कित्येक वर्षं खात्री होती. आपल्या मराठीत "मला चालत नाही" म्हणजे मी ते खात नाही. याहून सभ्य नकार दुसरा नाही. कोणाचा पदार्थ वाईट म्हणायचा नाही, स्वतःच्या सोवळ्याची टिमकी वाजवायची नाही. माझे वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर दप्तर मराठीत आलं तरी त्यांच्या तोंडातली उर्दू गेली नाही. भाजी आणायची तरी ते "तजवीज करतो" म्हणायचे. त्यामुळे शहागंजची बोली मला परकी मुळीच नव्हती. मी स्वतः गेले असते तर असं झालं नसतं. पण निरोप घेऊन दगडू गेला होता. चाचांपुढे उभं राहून, आपल्याला येत होती तेवढी हिंदी गोळा करून त्याने सांगितलं होतं, "बाई बोली, नहीं चलता."

पुन्हा डबा आला नाही. चाचा समंजस आहेत, असं मी मनाशी म्हटलं.

वर्षं गेली. पाहुणे परत आले की कधी कधी सांगायचे, "तुमचं नाव घेतलं की म्हातारा स्वतः उठून वाढतो हो. वरची लाल तरी आम्हाला जास्त घालतो." कोणी म्हणायचं, "तो विचारत होता, बाई कुछ बोले क्या?" मी म्हणायची, "सांगा, बाई खूश आहेत." एवढी गिऱ्हाइकं पाठवते म्हणून मान देत असतील, असं मला वाटायचं. या सगळ्या वर्षांत मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही, आणि तेही आमच्या हॉटेलची चढले नाहीत. मध्ये अंतर केवढं, तर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचं.

मग एक दिवस दुपारी ते आले.

ओळखलं ते दगडूने. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडात बांधलेला तोच डबा, निदान मला तरी तोच वाटला. मी बसा म्हटलं, पण ते काउंटरसमोरच उभे राहिले.

"बाई, मैं हबीब. शहागंज वाला."

"चाचा! तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं."

"नक्को. काम मेरा है." त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि सावकाश गाठ सोडली. "मेरी जबान गई, बाई. बुखार आया था लंबा. तब से नमक बी नहीं मालूम होता, मिरची बी नहीं. देग अब बहू पकाती. नसीम. छोरा तो चिकलठाणा में कंपनी में है, वो नहीं बैठता दुकान पे."

"अरेरे," एवढंच मी म्हटलं.

"मेरे कू कोई सच नहीं बोलता. घरवाले बोलते, एकदम तुमारे जैसा. बाजू वाले बोलते, औरत जात देग पे कबी बैठी थी क्या, बंद करो. मैं किसकी सुनूं? खराब माल मेरे नाम से नहीं बेचना मेरे कू. उससे अच्छा दुकान बंद." त्यांनी झाकण काढलं. "इस शहर में एकच जबान है जिसने मेरे मुंह पे बोला था, नहीं चलता. आप चखो. आज बी नहीं चलता तो साफ बोलो. मैं घर जाके चूल्हा बुझा देता."

डब्यातून वाफ वर आली. लाल तरी, त्यात मसाल्याचा तो वास, जो मी इतकी वर्षं पाहुण्यांच्या कपड्यांवर ओळखत आले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांपूर्वी दगडूने काय सांगितलं असेल आणि चाचांनी काय ऐकलं असेल, ते सगळं.

मी दगडूकडे पाहिलं. तो दाराशी उभा राहून छत न्याहाळत होता.

खोटं कशाला बोलू, घटकाभर मला वाटलं की चमचा घ्यावा आणि जिभेला लावावा. एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं आयुष्य त्या डब्यात होतं, त्यापुढे माझ्या सोवळ्याचं काय एवढं? पण लावून तरी मला काय कळणार होतं? जिने आयुष्यात कधी चाखलं नाही, ती जीभ बरं-वाईट कशावरून ठरवणार? मी चमच्याकडे बघत "छान आहे" म्हटलं असतं, तर घरच्यांनी सांगितलं त्याहून त्याची किंमत जास्त नव्हती. ते खोटं ऐकायला तर ते आले नव्हते.

"चाचा," मी म्हटलं, "मी हे खात नाही. कधीच खाल्लेलं नाही. आम्ही शाकाहारी. 'मला चालत नाही' म्हणजे मी खात नाही. तुमचं वाईट आहे असं मी म्हटलंच नव्हतं."

ते हळूच मागे सरून लॉबीतल्या खुर्चीवर बसले. आपण या माणसाच्या पायाखालचं काहीतरी काढून घेतलं असं मला वाटलं.

"मतलब, आप चखेच नहीं थे?"

"नाही."

"डब्बा खोले बी नहीं?"

"नाही हो चाचा."

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर हसत होते. हसता हसता खोकला आला, दगडूने पाणी आणून दिलं, आणि ते पिऊन ते पुन्हा हसू लागले.

"उस दिन मैं क्या किया मालूम? ये आया, बोला, बाई बोली नहीं चलता. मेरा सर घूमा. मेरा कलिया, और नहीं चलता? बरसों से मैं खाता था वही देग, पर ध्यान से चखा नहीं था. उस दिन आंख मूंद के चखा. बाई, खोबरा खवट था. बरसात का खोबरा. खाने वालों में कोई नहीं बोला. मैं पूरा देग उतार दिया, बेचा नहीं. तब से रोज सुबह पहला चमचा मैं आपका नाम लेके चखता था. आज बाई को चलता क्या नहीं चलता, ऐसा."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. दगडू म्हणाला, "मी तर बराबर सांगितलं व्हतं." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग चाचांचं हसू ओसरलं आणि चेहरा पुन्हा ओढल्यासारखा झाला. "लेकिन अब मैं किसके पास जाऊं? आप बी नहीं खाते. फिर इत्ते लोग भेजे कैसे, बाई?"

तेव्हा मी त्यांना माझं सगळं शास्त्र सांगितलं. दारातून हात पुढे करणारे, पाणी मागणारे, कोपरं टेकवणारे. मान एका बाजूला कलती करून ते लक्षपूर्वक ऐकत होते. मी म्हटलं, "माझी जीभ नाही चाचा, पण डोळे आहेत. आज मी चार जणांना तुमच्याकडे पाठवलंय. संध्याकाळी ते येतील. तुम्ही इथेच बसा. पाहुणे काय करतात ते आपण दोघं बघू."

"वो झूठ नहीं बोलेंगे?"

"त्यांना माहीतच नाही कोणी विचारतंय ते."

चाचांना मी खांबाआडच्या खुर्चीत बसवलं. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मालक आले, त्यांना मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का? मग मी बी बसतो." आणि चाचांच्या शेजारी बसले. दोघांनी चहा घेतला. चाचांना चहाची चव कळली नसणार, पण ते कप हातात धरून बसले.

आधी इंदूरचं एक जोडपं आलं. दोघांत काहीतरी बिनसलं होतं, त्यांनी किल्ली घेतली आणि वर गेले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की हे धरायचं नाही, यांचं भांडण जेवणाचं नाही. मग एक गृहस्थ आले, किल्ली घेतली, पाणी पाठवा म्हणाले. बरं, पण फार नाही. चाचा टोपीची घडी घालू लागले.

माझी सगळी मदार शेवटच्या पाहुण्यावर होती. पुण्याचे डिसोझासाहेब. चिकलठाण्याच्या कारखान्यांना यंत्राचे पट्टे विकायला ते नेमाने यायचे आणि आमच्याकडेच उतरायचे. माणूस असा कडक, की कशाला चांगलं म्हटलं तर जीभ झडेल असं त्यांना वाटायचं. चाचांच्या हातचं त्यांनी कितीदा तरी खाल्लेलं.

अंधार पडता पडता ते आले. पायऱ्या चढले. दारातून हात पुढे केला नाही. सरळ काउंटरपाशी आले आणि उभे राहिले. मी किल्ली काढून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बाई, आज हात वेगळा होता त्या दुकानात," ते म्हणाले.

खांबाआड खुर्ची करकरली.

"वेगळा म्हणजे?"

"चाचाचा नव्हता. तिखट जरा कमी. खोबरं जास्त भाजलेलं. गल्ल्यावर कोणी दुसराच होता, मी विचारलं नाही." ते थांबले. मग त्यांनी एक कोपर काउंटरवर टेकवलं, मग दुसरं. "माझी आई नाताळात खोबरं असंच भाजायची. काळं होईल होईल म्हणेपर्यंत. वडील ओरडायचे, जाळलंस, जाळलंस. आणि ती म्हणायची, थांबा जरा. आमचं घर तेव्हा कॅम्पात होतं..." आणि डिसोझासाहेब, जे माझ्याशी आजवर किल्लीपलीकडे दहा शब्द बोलले नव्हते, आईचं, चुलीचं, भावंडांचं सांगत राहिले. किल्ली काउंटरवर तशीच पडून होती. शेवटी मीच ती त्यांच्या हातात दिली.

ते वर गेल्यावर चाचा खांबाआडून आले. मालकही आले.

"फरक है," चाचा म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

"मेरा नहीं है वो. उसका है." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. दुःख तर चेहऱ्यावर होतंच. आपला हात आपल्याबरोबर जाणार, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं असणार. पण खांदे सरळ झाले होते. "वो किल्ली भूल गया, बाई."

"विसरला."

"फिर बुझाना नहीं चूल्हा." डबा कापडात बांधताना ते थांबले. "नान तो चलता आपको? उसमें गोश्त नहीं. आटा है, ऊपर हल्दी-गूळ का पानी."

नान आणि कलिया हे दोन निराळे पदार्थ आहेत हे मला त्या वयात, त्या काउंटरवर कळलं. "चालतं की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निराळ्या टोपलीत, कोऱ्या फडक्यात गुंडाळून नान आले. घरी सासूबाईंनी चहात बुडवून एक खाल्लं आणि विचारलं, "हा कुठला गं पाव?" मी म्हटलं, "भट्टीतला." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी दुसरं मागितलं.

चाचा त्यानंतर थोडीच वर्षं होते. मला वाईट याचं वाटतं, की एवढ्याशा गावात आम्ही दोघं एकमेकांच्या नावावर इतकी वर्षं जगलो आणि समोरासमोर बोललो ते फार उशिरा. आता हॉटेल नाही, मालक नाहीत, दगडू अजिंठ्याला परत गेला. पाहुणे हल्ली मोबाइलमध्ये बघून ठरवतात. त्यात तारे असतात म्हणे. असू देत. पण परत आल्यावर त्यांच्याकडे बघायला काउंटरमागे कोणी असतं का, ते मला माहीत नाही.

नान आणायला मात्र मी अजून जाते, स्वतःचा डबा घेऊन, रांगेत उभी राहून. गेल्या महिन्यात गेले तेव्हा देग नुकतीच चुलीवरून उतरवली होती. नसीमचे केस आता पांढरे झाले आहेत. माझ्या पुढचा माणूस घाईत होता. किटली पुढे करून म्हणाला, "आपा, निकालो ना जल्दी. मेहमान बैठे हैं."

"रुको," नसीम म्हणाली. "अभी 'चालत नाही' बाकी है."

मी चमकले. त्या घरात सगळे दखनीत बोलतात, पण हे दोन शब्द तिने स्वच्छ मराठीत उच्चारले होते, आमच्या घरात उच्चारतात तसे. तो माणूसही मुकाट्याने थांबला. नेहमीचा असणार, त्याला ठाऊक होतं. देगेत रोज पहिल्यांदा चमचा बुडवून बघतात, त्याला त्या दुकानात हेच नाव पडलं होतं.

नसीमने चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. रांगेतली पातेली, डबे, किटल्या गप्प झाल्या. मीही थांबले.

"चलता," ती म्हणाली, आणि आमची रांग पुढे सरकली.